जुन्या हार्डटॉप जीपच्या सरकत्या काचा पुन्हा बसवताना: तयारी, क्रम आणि पाण्याची वाट

मागच्या बाजूच्या सरकत्या काचा काढल्या, साफ केल्या, पुन्हा बसवल्या आणि पहिल्याच पावसात पाणी आत आलं, ही तक्रार दर मृगात ऐकू येते. नवं रबर, नवं फेल्ट (खाचेतलं मऊ अस्तर, ज्यात काच सरकते), सिलिकॉनच्या दोन नळ्या, सगळं झालेलं असतं. तरी बाकावर बसणाऱ्याची मांडी भिजतेच. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: सगळं काम पाणी अडवायचं म्हणून केलेलं असतं. सरकती खिडकी पाणी पूर्ण अडवू शकत नाही. काच सरकायची तर थोडी मोकळी जागा लागते, आणि त्या जागेतून पाणी खालच्या खाचेत उतरणारच. खालची खाच म्हणजे घराच्या वळचणीची पन्हळ. तिचं तोंड मोकळं असेल तर आतला माणूस कोरडा राहतो. ते बुजलं की पन्हळ भरते आणि घरात सांडते.

मी स्वतः पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा खालच्या खाचेतली छोटी भोकं मला गळतीची जागा वाटली आणि मी ती सिलिकॉनने बुजवली. आंबोली घाट उतरताना दोन्ही खिडक्यांच्या आतल्या काठावरून पाणी सांडायला लागलं. महिन्याभराने अस्तर काढलं तर खिडकीखालचा पत्रा आतून लाल झालेला होता. त्या पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग खिडकीच्या कामापेक्षा महाग पडलं. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यात पाणी कुठून येईल आणि कुठून जाईल हे आधी सांगितलं आहे, काच कशी बसेल ते नंतर.

हे मार्गदर्शन एका ठरावीक रचनेचं आहे: ॲल्युमिनियमची दुहेरी खाचेची फ्रेम, तिच्यात दोन काचा, आणि ती फ्रेम बीडिंग रबराने (फ्रेमभोवती फिरणाऱ्या रबरी पट्टीने) बॉडीच्या पत्र्यात धरलेली. हार्डटॉप बांधलेल्या महिंद्रा जीप, मार्शल, ट्रॅक्स अशा गाड्यांत थोड्याफार फरकाने हीच रचना सापडते. कित्येक जीप कापडी हुडाच्या म्हणून विकल्या गेल्या आणि हार्डटॉप नंतर गावच्या बॉडीवाल्याने बांधलं. अशा गाडीत डावी आणि उजवी खिडकीसुद्धा एका मापाची नसते. एका बाजूचं माप घेऊन दोन्हीकडचं सामान कापून आणायचं नाही.

## १. सामान आणि मापं

मापं फ्रेम काढण्याआधी घ्यायची. फ्रेमची लांबी-उंची, काचेची जाडी (व्हर्नियरने, अंदाजाने नाही), पत्र्याच्या काठाची जाडी आणि खाचेची आतली रुंदी, एवढं वहीत लिहा. पत्र्याचा काठ चारही बाजूंना मोजा. बॉडीवाल्याने कुठे पत्रा दुमडलेला असतो, कुठे जोड असतो आणि तिथे जाडी दुप्पट होते.

फेल्ट किती लागेल याचा हिशेब लोक चुकतात. समजा खिडकी ९०० मिमी लांब आणि ४०० मिमी उंच आहे. वर दोन खाचा आणि खाली दोन, मिळून ३.६ मीटर. उभ्या बाजूंना मात्र ज्या खाचेत काच येऊन टेकते तिथेच फेल्ट लागतं, म्हणजे दोन्हीकडे मिळून ०.८ मीटर. एकूण ४.४ मीटर, घ्यायचं ५ मीटर. बाहेरचं बीडिंग रबर २.६ मीटर लागतं, घ्यायचं ३. तेवढीच लॉक पट्टी, म्हणजे बीडिंग रबराच्या खाचेत घालून त्याला घट्ट करणारी पट्टी.

फेल्ट दोन जातीचं मिळतं. एक पत्र्याच्या पाठीवर लोकर चिकटवलेलं, दुसरं रबराच्या पाठीवर मखमली अस्तर असलेलं. पावसाळी भागात मी दुसरंच घेतो. पहिल्यातला पत्रा गंजून फुगतो आणि काच जागच्या जागी आवळतो. जुन्या गाडीतली काच जेव्हा अजिबात हलत नाही, तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

याशिवाय ४ ते ५ मिमी जाडीची गुळगुळीत नायलॉन दोरी ४ मीटर, अंगाचा किंवा भांड्याचा साबण, प्लास्टिकच्या किंवा लाकडी चिपट्या, मास्किंग टेप, लॉक पट्टी ओढायचं टूल, सिलिकॉन स्प्रे, न्यूट्रल सिलिकॉनची एक नळी आणि काचेच्या खटक्यासाठी नायलॉनची बुशं. दोन काचांच्या मधल्या ब्रश पट्टीसाठी घराच्या सेक्शन खिडक्या बनवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे ती वेगवेगळ्या उंचीची मिळते.

काच नवीन घ्यायची असेल तर टफन्ड (तापवून कडक केलेली) काचच घ्या, कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक बघून. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, त्यामुळे गडद रंगाची काच परवडते म्हणून आणू नका. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, घासता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप आणि खटक्याचं भोक आधीच अचूक द्यावं लागतं. ॲक्रिलिकचा तुकडा बसवणारेही आहेत. फेल्टमधल्या धुळीने त्यावर महिन्याभरात ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या दिव्यात काही दिसत नाही. ते टाळाच.

सावध: दुकानातली सिलिकॉनची नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती इथे चालत नाही. त्यातून सुटणारं आम्ल ॲल्युमिनियम आणि पत्रा दोन्ही खातं.

## २. खुणा आणि फोटो

फ्रेम पत्र्यात असतानाच फोटो काढा: बाहेरून, आतून, दोन काचांच्या मधल्या जागेचा वरून, आणि चारही कोपऱ्यांचा जवळून. मग मास्किंग टेपवर लिहून प्रत्येक काचेला चिकटवा, ‘डावी खिडकी, पुढची काच, बाहेरची खाच’ असं पूर्ण. वरची बाजू बाणाने दाखवा.

कोणती काच कोणत्या खाचेत, हे महत्त्वाचं आहे. पुढची काच बाहेरच्या खाचेत असली की मधली फट मागे तोंड करून राहते. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं, तसंच हे. गाडी धावताना वाऱ्याबरोबर येणारं पाणी त्या फटीवरून निघून जातं. काचा उलट बसल्या तर फट पुढे बघते आणि वेग वाढला की पाणी थेट आत ढकललं जातं. उभ्या गाडीवर पाण्याची नळी धरून ही चूक कळत नाही, म्हणून ती फार दिवस लपून राहते.

## ३. फ्रेम बाहेर काढणं

आतलं अस्तर, हातपट्टी, जवळचा बाक आधी काढा. मग बाहेरून लॉक पट्टीचा जोड शोधा आणि चिपटीने उचलून पूर्ण पट्टी ओढून घ्या. ती निघाली की रबर सैल पडतं. आतल्या बाजूने रबराचा ओठ, म्हणजे पत्र्यावर चढलेली त्याची कड, चिपटीने पत्र्यावरून बाहेर सारत जा, बाहेरच्या माणसाने फ्रेम झेलायची. रबर कडक झालं असेल तर वाचवायच्या भानगडीत न पडता बाहेरचा ओठ ब्लेडने कापून टाका. जुनं रबर परत वापरणं ही बचत नाही.

काही बॉडीत रबर नसतंच, फ्रेम थेट पत्र्याला रिव्हेट मारलेली असते. तिथे रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवायचं. पुढचं सगळं सारखंच आहे, फक्त दहावा आणि अकरावा टप्पा वगळा आणि फ्रेमच्या मागे मऊ फोमची पट्टी द्या.

काच उघड्या कोब्यावर किंवा फरशीवर उभी करू नका. टफन्ड काचेचा मधला भाग चांगला मार खातो, पण कडेला लागलेला बारीक टोला पूर्ण काचेचा भुगा करतो. गोणपाट अंथरा किंवा दोन लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा काच हाताळताना कायम हवा.

## ४. पत्र्याचं तोंड तयार करणं

घाई होते ती इथे. फ्रेम निघाली की पत्र्याच्या काठावर, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत, गंज सापडतोच. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. पत्रा खाल्ला गेला असेल तर तुकडा वेल्ड करून घ्या. पुट्टी भरून काठ बनवला तर रबर बसवताना दोरीच्या ओढीने तो तुटतो.

प्रायमर, मग रंग, आणि मग थांबा. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो सुकला असं नाही. ताज्या इनॅमलवर रबर दाबून बसवलं तर दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेळी रंग रबराबरोबर सोलून निघतो. निदान दोन दिवस, दमट हवेत चार.

तपासा: पत्र्याच्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. कोपऱ्याला गोलाई असेल तर गोलाई सुरू होते तिथे खूण करून मोजा. दोन कर्णांत २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तोंड तिरकं आहे. अशा तोंडात सरळ फ्रेमही पिळली जाते आणि काच एका टोकाला अडकते. जुन्या जीपला हे होतं, कारण चेसिसच्या पिळाने वर्षानुवर्षे बॉडी हलत असते. ते डेंटरकडून सरळ करून घ्या, फेल्ट पातळ करून भागवू नका.

## ५. फ्रेम साफ करणं

जुनं फेल्ट खाचेतून ओढून काढा. चिकटलेला गोंद रॉकेलने मऊ करून लाकडी चिपटीने खरवडा आणि नंतर साबणाच्या पाण्याने रॉकेल पूर्ण धुऊन टाका. नव्या रबराला रॉकेल, डिझेल, ग्रीस यांचा स्पर्शही नको. खिडकीचं बीडिंग बहुतेक ईपीडीएम रबराचं असतं आणि ते खनिज तेलाने फुगतं, मऊ पडतं.

ॲल्युमिनियमवर साठलेली पांढरी भुकटी भांड्याच्या हिरव्या घासणीने आणि पाण्याने निघते. कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं आम्ल वापरू नका. दोन्हीने धातू खाल्ला जातो आणि खाचेला खड्डे पडतात.

फ्रेम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा सपाट टेबलावर आडवी ठेवा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. एक कोपरा डुगडुगत असेल तर हाताने हळूहळू पिळून सरळ करा, हातोडी नको. लोखंडी पेच जिथे ॲल्युमिनियममध्ये गेले आहेत तिथे धातू जास्त कुजलेला असतो. ते सगळे बदला. नवे स्टेनलेस घ्या आणि आट्यांवर टोकापुरतं ग्रीस लावून, बाहेर आलेलं पुसून बसवा.

## ६. निचऱ्याची भोकं

बाकी कशातही थोडी चूक झाली तरी खिडकी चालून जाते, या टप्प्यात चूक झाली तर नाही.

आतल्या खाचेत पडलेलं पाणी आधी बाहेरच्या खाचेत जायला हवं आणि तिथून गाडीच्या बाहेर. म्हणजे भोकांच्या दोन रांगा लागतात: एक दोन खाचांच्या मधल्या भिंतीत, दुसरी बाहेरच्या भिंतीत. कारखान्याच्या फ्रेममध्ये बहुधा दोन्ही असतात आणि चिखलाने बुजलेल्या असतात. ३ मिमीची तार फिरवून त्या मोकळ्या करा. बॉडीवाल्याने बनवलेल्या फ्रेममध्ये पुष्कळदा मधल्या भिंतीतली भोकं नसतातच. मग बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आतली खाच भरून बाकावर सांडते.

भोकं पाडायची असतील तर ५ मिमीची, भिंतीच्या अगदी तळाशी, दोन्ही टोकांपासून साधारण ५० मिमी आत आणि एक मध्ये. टोकांना भोक हवंच. गाडी चढावर उभी असते, मागे माणसं बसली की मागून दबते, आणि पाणी ज्या टोकाला जाईल तिथेच वाट सापडली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरच्या भिंतीतलं भोक रबराच्या ओठाच्या वर उघडलं पाहिजे. रबर बसल्यावर त्याचा ओठ फ्रेमवर किती चढतो ते रबराचा छोटा तुकडा लावून बघा, पेन्सिलने रेघ मारा, आणि भोक त्या रेघेच्या वर येतं का पाहा. ते रेघेखाली आलं तर पाणी बाहेर न जाता रबराच्या आत आणि तिथून पत्र्याच्या पोकळीत जातं. खिडकी कोरडी दिसते आणि बॉडी आतून कुजते. खाचेचा तळ रेघेच्या खालीच असेल, तर भोकाच्या जागी रबराच्या ओठाला छोटी खाच द्या. तिची जागा आत्ताच लिहून ठेवा, कापायची मात्र रबर बसल्यावर.

सावध: भोकाच्या कडेची किनार कानशीने काढा. राहिलेली किनार फेल्टमध्ये घुसते आणि काचेच्या कडेला लागते.

## ७. फेल्ट बसवणं

क्रम असा: आधी वरच्या दोन्ही खाचा, मग उभ्या बाजू, शेवटी खालच्या.

वरचा तुकडा मापापेक्षा १-२ मिमी जास्त कापा. तो दाबून बसला की गोंदाची फारशी गरज राहत नाही. टोकाला गोंदाचा एकेक ठिपका पुरतो. कोपऱ्यात फेल्ट वाकवून नेऊ नका. वाकवलेलं फेल्ट आत सुरकुततं, तिथे जाडी वाढते आणि काच शेवटच्या बोटभर जागेत जात नाही. खटका लागत नाही म्हणून लोक खटका बदलतात आणि दोष कोपऱ्यातच राहतो. कोपऱ्याला कापा, दुसरा तुकडा त्याला भिडवा.

खालचं फेल्ट अखंड बसवू नका. प्रत्येक भोकासमोर ६-७ मिमी जागा सोडून तुकड्यांत बसवा. अखंड फेल्ट म्हणजे भोकांवर घातलेलं बूच. खाली गोंद अगदी थोडा, भोकांपासून दूर.

उभ्या बाजूला ज्या खाचेत काच येत नाही ती रिकामी राहते आणि तिथून वारा शिट्टी मारतो. वरच्या टोकाला आणि मध्ये फोमचा तुकडा घाला, तळाशी नको.

तपासा: फेल्ट बसल्यावर काचेची कड हातात धरून प्रत्येक खाचेतून पूर्ण लांबी फिरवून बघा. दोन बोटांनी ढकलल्यावर सरकली पाहिजे, आणि हलवल्यावर खडखडली नाही पाहिजे. जड जात असेल तर पातळ फेल्ट आणा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालून वाट सोपी करू नका. तेलाला धूळ धरते, तिचा लेप होतो आणि तो काचेवर आडवे ओरखडे काढतो. सिलिकॉन स्प्रेचा एक हलका हात फेल्टवर मारा आणि वाळू द्या.

## ८. काचा फ्रेममध्ये

काचांच्या चारही कडा बोटांऐवजी कापसाच्या बोळ्याने तपासा. बोळा अडकला तर तिथे किरच आहे. किरच असलेली टफन्ड काच बसवू नका. ती आज फुटणार नाही, एखाद्या दुपारी गाडी उन्हात उभी असताना फुटेल.

खटका फ्रेमबाहेरच काचेला लावून घ्यायचा की नंतर, हे खटक्यावर अवलंबून आहे. आतल्या बाजूला उंच उठणारा खटका काच खाचेत सरकवताना मधल्या भिंतीला अडतो, तो नंतर लावा. काही असलं तरी काचेच्या भोकात नायलॉनचं बुश आणि दोन्हीकडे रबरी वॉशर हवेत. पेचाचा धातू काचेला लागता कामा नये. पेच हाताने आवळा, मग पाव फेरा, बस. इथे जोर केल्याने फुटलेल्या काचा मी सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत.

फ्रेम दोन जातीची असते. पहिलीला एक जोड असतो, आत पत्र्याची जोडपट्टी आणि चार पेच. पेच सोडले की फ्रेम थोडी फाकते. टेबलावर गोणपाट अंथरून फ्रेम आडवी ठेवा, दोन्ही काचा आपापल्या खाचेत सरकवा, मधली ब्रश पट्टी आतल्या काचेच्या कडेला लावा आणि मगच जोड बंद करा. एक काच घालून जोड आवळला तर दुसरीसाठी सगळं पुन्हा खोलावं लागतं.

दुसरी फ्रेम अखंड असते. तिच्यात काच आधी वरच्या खाचेत खोल घालायची, खालची कड आत फिरवायची आणि खाली सोडायची. मग वर जी जास्तीची जागा उरते तिथे रबरी पॅकिंग बाजूने सरकवायचं, नाहीतर खड्ड्यात गाडी उसळली की काच खाचेतून उडते. काचा बाहेरून घालत असाल तर आतल्या खाचेतली आधी, आतून घालत असाल तर बाहेरच्या खाचेतली आधी.

पुढची काच पक्की असेल, म्हणजे सरकत नसेल, तर तिच्याखाली दोन छोटे रबरी ठोकळे लागतात. ते भोकांवर बसवू नका.

सावध: जोडपट्टीचे पेच मूळ लांबीचेच हवेत. दोन मिमी लांब पेच खाचेत डोकावतो आणि काच सरकत येऊन त्याच्या टोकावर आदळते. आवळण्याआधी काच त्या जागेवरून हळूच नेऊन बघा.

## ९. पाण्याचा पहिला तपास, फ्रेम बाहेर असतानाच

हा तपास बहुतेक जण करत नाहीत. फ्रेम दोन लाकडी पट्ट्यांवर उभी करा, गाडीत असते तशीच, बाहेरच्या बाजूला किंचित कललेली असेल तर तशी. काचा बंद करा. आतल्या खाचेत तांब्याने सावकाश पाणी ओता. पाणी बाहेरच्या बाजूने लगेच वाहायला हवं आणि ओतणं थांबवल्यावर अर्ध्या मिनिटात खाच रिकामी व्हायला हवी. मग एक टोक बोटभर उचलून तेच करा, नंतर दुसरं टोक.

पाणी साठून राहिलं तर पुढे जाऊ नका. फेल्टचा तुकडा भोकावर सरकला आहे किंवा मधल्या भिंतीत भोक नाही. आत्ता हे दहा मिनिटांचं काम आहे, फ्रेम बसल्यावर पूर्ण दिवसाचं.

काचा वीस-पंचवीस वेळा सरकवून खटका लागतो का तेही इथेच बघून घ्या.

## १०. रबर चढवणं आणि फ्रेम पत्र्यात बसवणं

रबर अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ होतं. रबराला दोन चिरा असतात: एकीत फ्रेम, दुसरीत पत्रा. कोणती कशासाठी हे जाडीवरून ओळखा. लॉक पट्टीची खाच मुळात होती त्याच बाजूला ठेवा, बहुतेकदा बाहेर.

रबराचा जोड वरच्या बाजूला मधोमध घ्या. गाडीच्या वर पावसाची पन्हळ असते, तिच्या आडोशाला जोड सुरक्षित राहतो. खाली जोड घेतला तर तो कायम पाण्यात. लांबी ताणून मोजू नका. दर मीटरला सेंटीमीटरभर जास्त ठेवून कापा आणि ती जास्तीची लांबी सगळीकडे दाबून सारखी वाटा. रबर पुढे आक्रसतं. ताणून बसवलेलं रबर पहिल्याच उन्हाळ्यानंतर जोडाला उघडतं. कापलेली टोकं काटकोनात, ब्लेडच्या एकाच झटक्यात, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भिडवलेली हवीत.

आता नायलॉनची दोरी पत्र्याच्या चिरेत पूर्ण फेरी घालून बसवा. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर जाऊ द्या आणि आतल्या बाजूला लोंबती सोडा. काचा बंद करून टेपने फ्रेमला बांधा. रबराला आणि पत्र्याच्या काठाला साबणाचं दाट पाणी लावा.

बाहेरचा माणूस फ्रेम तोंडावर धरतो, खालची बाजू आधी पत्र्यावर टेकवतो आणि तळव्याने सारखा दाब देतो. आतला माणूस दोरीचं एक टोक खिडकीच्या मध्याकडे ओढतो, सरळ स्वतःकडे नाही. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत येतो. बाहेरचा दाब दोरी असेल त्याच जागी सरकत राहिला पाहिजे, म्हणून दोघांनी बोलत काम करा. आधी खालची बाजू पूर्ण, मग एक उभी, मग दुसरी, वरची शेवटी. दोरी अडली तर झटका देऊ नका, पुन्हा साबण लावा. काचेवर मूठ मारू नका. मारायचंच तर फ्रेमच्या काठावर, रबरी हातोडीने, हलकं.

तपासा: आतून पूर्ण फेरी बोटाने फिरवा. ओठ कुठेही आत दुमडलेला नको. दुमड सापडली तर चिपटीने बाहेर काढा. मग काच सरकवा. बाहेर सहज सरकणारी काच इथे जड झाली असेल तर पत्र्याचं तोंड तिरकं आहे किंवा एखाद्या कोपऱ्यात रबर दुहेरी बसलं आहे.

## ११. लॉक पट्टी

रबर पूर्ण बसल्याशिवाय पट्टी घालू नका. पट्टी रबराला फुगवून घट्ट करते. त्यानंतर रबर हलत नाही. पट्टीचा जोडही वर घ्या, पण रबराच्या जोडापासून वीतभर बाजूला. साबणाचं पाणी लावून टूलने घालत जा आणि दर थोड्या अंतरावर पट्टी मागे सारून तिचा ताण काढा. ताणलेली पट्टी काही आठवड्यांत आखडते आणि जोडापाशी फट पडते. शेवटी सेंटीमीटरभर जास्त ठेवून कापा आणि दाबून बसवा.

सहाव्या टप्प्यात ओठाला खाच द्यायची ठरली असेल तर ती आता द्या.

## १२. पाण्याचा दुसरा तपास

अस्तर आणि बाक अजून लावायचे नाहीत. नळीला साधं वाहतं पाणी, फवारा नको, धुलाई केंद्रावरची प्रेशर गन तर नकोच. गन चांगल्या खिडकीतूनही पाणी घालते. आत एक जण टॉर्च घेऊन बसेल. नळी आधी खालच्या काठावर पाच मिनिटं, मग उभ्या बाजूंवर, मग काचांच्या मधल्या जोडावर, शेवटी वरच्या बाजूला. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि उगम कळत नाही.

खालच्या खाचेत पाणी दिसणं हा दोष नाही. ते वाहून जातंय ना, एवढंच बघायचं. आतल्या काठावरून सांडत असेल तर भोकांकडे जा. पत्र्याच्या आतून, रबराच्या खालून ओघळ येत असेल तर ओठ पत्र्यावर नीट चढलेला नाही किंवा काठाची जाडी बदलते तिथे पोकळी आहे. मध्ये काचांच्या जोडातून येत असेल तर ब्रश पट्टी आखूड आहे. वरच्या कोपऱ्यातून येत असेल तर फ्रेमचा किंवा फेल्टचा जोड.

सिलिकॉन फक्त आता, आणि फक्त जिथे उगम सापडला तिथे: बाहेरच्या ओठाखाली, वर आणि उभ्या बाजूंना. खालच्या ओठाखाली मी सिलिकॉन भरत नाही. चुकून मागे गेलेल्या पाण्याला बाहेर यायला ती एकच वाट उरते.

सगळं कोरडं निघालं तर एक दिवस थांबून पुन्हा एकदा हाच तपास करा, मग अस्तर चढवा. पंधरा दिवस गाडी चालल्यावर खटक्याचे आणि जोडपट्टीचे पेच हाताने तपासा. खराब रस्त्यावर ते सैल पडतात. आणि दरवर्षी आगोटीच्या कामांत, छपराची पन्हळ साफ करता त्याच दिवशी, ३ मिमीची तार या भोकांतूनही फिरवा. उन्हाळाभर बसलेली लाल धूळ पहिल्या सरीत चिखल होते आणि फेल्टच्या तुकड्यांमधली ती ६-७ मिमीची जागा सगळ्यात आधी बुजते.